चेंडू आलाच नाही तेव्हा

एप्रिलअखेर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट असतो. त्यात संघ कॉलेजमधले खेळाडू पाळीपाळीने निवडतात. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की या सदराच्या टपालात त्याचेच प्रश्न येतात. यंदाची बहुतेक पत्रं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल नाहीत, बचावाच्या शेवटच्या फळीबद्दल आहेत. कडेला उभा राहणारा कॉर्नरबॅक, मागे राखण करणारा सेफ्टी आणि आतल्या बाजूच्या रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला धरणारा निकेल. माझा मुलगा वायव्य ओहायोतल्या एका हायस्कूलच्या संघात चार मोसम कॉर्नर खेळला. त्या चारही मोसमांत कोचसाठी सामन्यांचं चित्रीकरण मी करायचे, स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ट्रायपॉड लावून. हा खेळ मला तिथे कळला आणि आजही माझी नजर आधी या पोरांकडे जाते. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांना दिली आहे.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजच्या कॉर्नरबॅकने गेल्या मोसमात सात इंटरसेप्शन घेतले, म्हणजे विरोधकांनी फेकलेले सात चेंडू मध्येच पळवले. तरी ड्राफ्टच्या सगळ्या याद्यांमध्ये तो तिसऱ्या-चौथ्या फेरीत दिसतो. त्याच याद्यांमध्ये एकच इंटरसेप्शन असलेला दुसरा मुलगा पहिल्या फेरीत आहे. हा अन्याय नाही का? (एक वाचक, इलिनॉय)

त्या सातही चेंडूंची टेप एकेक करून बघितल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही.

इंटरसेप्शन मिळायचं तर आधी क्वार्टरबॅकने तुमच्या दिशेला चेंडू टाकावा लागतो. तो का टाकतो? बहुतेकदा तुमच्या ताब्यातला रिसीव्हर त्याला मोकळा दिसतो म्हणून. जो कॉर्नर रिसीव्हरची पाठ सोडत नाही, त्याच्याकडे एकदा बघून क्वार्टरबॅक नजर दुसरीकडे वळवतो. ओकलंड रेडर्सच्या नाम्दी असोमुघाने २००६ साली आठ इंटरसेप्शन घेतले. पुढची तीन वर्षं दर मोसमाला फक्त एक. त्याचा खेळ उतरला नव्हता. त्या वर्षांत लीगमधल्या सर्वोत्तम कॉर्नरमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं आणि विरोधी संघ त्याच्या बाजूला चेंडू टाकायला धजत नव्हते. आकडेवारीच्या तक्त्यात मात्र ती सगळी राखण 'एक' एवढ्याच अंकात मावली.

आता तुमच्या मुलाचे सात चेंडू घेऊ. चेंडू दुसऱ्याच्या हाताला लागून उडाला आणि याच्या ओंजळीत पडला असेल, तर तो मी बाजूला ठेवेन. क्वार्टरबॅक कोलमडत असताना कसाबसा भिरकावलेला चेंडू असेल, तर त्याचं अर्धं श्रेय पुढच्या फळीचं. पण झोनमध्ये, म्हणजे ठरलेला टापू राखत खेळताना क्वार्टरबॅकच्या खांद्याचा रोख ओळखून चेंडू सुटण्याच्या आतच तो निघाला असेल, किंवा मॅन कव्हरेजमध्ये, म्हणजे एकाच रिसीव्हरला धरून राहताना, त्याच्या खांद्याला खांदा लावून पळताना वेळेवर मान वळवून त्याने वरच्या वर चेंडू घेतला असेल, तर ते कसब त्याच्याबरोबर एनएफएलमध्येही जाईल. सातांतले असे तीन निघाले तरी मी त्याची बाजू घेईन.

तरी नुसती चेंडू पळवण्याची कला पुरी पडत नाही. एमॅन्युएल फोर्ब्सने मिसिसिपी स्टेटकडून खेळताना चौदा इंटरसेप्शन घेतले आणि त्यांतले सहा थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे विरोधकांच्या गोललाइनपलीकडे नेले. कॉलेजच्या वरच्या विभागात तो विक्रम आहे. २०२३ साली वॉशिंग्टनने त्याला सोळाव्या क्रमांकावर निवडलं. त्याची नजर आणि हात खरोखरच असामान्य होते, पण इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मापं आणि चाचण्यांच्या शिबिरात त्याचं वजन भरलं १६६ पाउंड. दणकट रिसीव्हर समोर आले की ते कमी वजन जाणवायचं. पहिल्याच मोसमात त्याला बाकावर बसावं लागलं आणि दुसऱ्या मोसमात संघाने त्याला सोडलं. पुढे रॅम्सने घेतलं म्हणून त्याला पुन्हा संधी मिळाली. उलट, फोर्ब्सच्या आदल्या वर्षी फ्रेस्नो स्टेटमधून आलेला डॅरॉन ब्लँड पाचव्या फेरीत, १६७व्या क्रमांकावर डॅलसला मिळाला. त्याने २०२३ मध्ये नऊ इंटरसेप्शन घेतले, त्यांतले पाच टचडाउनपर्यंत नेले आणि एनएफएलचा विक्रम केला. कॉलेजच्या तक्त्यावरून हे दोन्ही शेवट कोणाला वाचता आले असते?

माझ्या वहीत मी वेगळा हिशोब ठेवायचे. मुलगा कव्हरेजमध्ये किती वेळा उतरला, त्यांतले किती चेंडू त्याच्याकडे आले, किती झेलले गेले, हे सगळेच लिहितात. माझा चौथा रकाना होता तो 'सुटला, पण चेंडू आला नाही' असा. रिसीव्हर याच्या हातून निसटला, पण क्वार्टरबॅकने दुसरीकडे बघितलं किंवा फेक चुकली, की तिथे मी लाल पेन्सिलीने एक गोल काढायचे. माझा मुलगा दुसऱ्या मोसमात एका हुलकावणीला असा फसला की रिसीव्हर त्याच्या कितीतरी पुढे मोकळा निघून गेला. चेंडू लांब पडला. स्टँडमध्ये आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सामन्यात त्याने एकही झेल होऊ दिला नाही असं नोंदवलं गेलं, आणि माझ्या वहीत पाच गोल होते. सोमवारी कोचने त्या पाचही चित्रफिती लावल्या. मुलगा दोन दिवस घरात बोलला नाही, पण पुढच्या सामन्यात गोल दोनवर आले.

तुमच्या कॉर्नरचे चार सामने असे बघा. त्यांत त्याच्या समोर आलेल्या सर्वांत चांगल्या रिसीव्हरचा सामना असायलाच हवा. गोल कमी निघाले तर मला पुन्हा लिहा, मी याद्या करणाऱ्यांशी तुमच्या बाजूने भांडेन.

प्रश्न : तुम्ही कॉर्नरचा खेळ बघा म्हणता, पण टीव्हीवर तो दिसतच नाही. खेळ सुरू झाला की तो चौकटीबाहेर जातो. मग बघायचं कसं आणि नेमकं काय? (एक वाचिका, न्यू जर्सी)

तक्रार रास्त आहे. टीव्हीचा मुख्य कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. चेंडू स्नॅप झाल्यावर, म्हणजे मागे क्वार्टरबॅककडे देऊन खेळ सुरू झाल्यावर, रिसीव्हर आणि कॉर्नर काही क्षणांत चित्राबाहेर जातात आणि चेंडू त्यांच्याकडे आला तरच परत दिसतात. म्हणजे टीव्ही आपल्याला कॉर्नरचे फक्त शेवटचे दोन क्षण दाखवतो. संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट बघतात ती 'ऑल-२२' टेप, उंचावरून घेतलेली, बावीसही खेळाडू सतत दिसणारी. एनएफएलची अशी टेप चाहत्यांना वर्गणी भरून बघता येते. कॉलेजची सहसा संघांच्या हातातच राहते. त्यामुळे आपल्यासाठी उपाय दोन. रिप्लेमध्ये गोललाइनमागून घेतलेलं चित्र आलं की ते थांबवून बघायचं. आणि शक्य असेल तेव्हा मैदानावर जाऊन गोललाइनच्या मागच्या बाजूला, जितकं उंच बसता येईल तितकं उंच बसायचं. पूर्ण एक डाव एकाच मुलावर नजर ठेवा. चेंडू कुठे गेला ते लोकांच्या ओरडण्यावरून कळतंच.

आता काय बघायचं. पहिल्यांदा पाय.

कॉर्नर कधी प्रेस खेळतो, कधी ऑफ. प्रेसमध्ये तो रिसीव्हरच्या तोंडासमोर हातभर अंतरावर उभा असतो. स्नॅप झाला की रिसीव्हर पहिल्या दोन पावलांत हूल देतो आणि अधीर पोरगा तिथेच फसतो. त्याचे हात आधी पुढे जातात, अंग ओणवं होतं आणि रिसीव्हर बगलेशेजारून निघून जातो. संयम असलेला पोरगा पाय बारीक हलवत समोर राहतो. रिसीव्हरने दिशा पक्की केली की मगच त्याचा हात बरगडीवर टेकतो. हा अर्ध्या सेकंदाचा धीर शिकवायला फार कठीण असतो, म्हणून ज्याच्याकडे तो आधीपासून दिसतो त्याच्या नावापुढे मी खूण करते.

ऑफमध्ये तो सात-आठ यार्ड मागे असतो आणि उलट्या पावली मागे सरकतो. तेव्हा त्याच्या डोक्याकडे बघा. ते एका उंचीवर राहिलं पाहिजे. डोकं वरखाली होत असेल तर गुडघे सरळ होताहेत आणि पावलागणिक वेळ वाया जातोय. रिसीव्हर मध्येच थांबून वळला की कॉर्नरला मागचा पाय रोवून पुढे झेपावायचं असतं. पाय रोवल्यावर तोल सावरायला आणखी एक पाऊल पडतं का ते मोजा. कॉलेजात ते जादा पाऊल खपून जातं, कारण तिथे बऱ्याच क्वार्टरबॅकची फेक उशिरा येते. रविवारी एनएफएलमध्ये खेळणारे क्वार्टरबॅक रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सोडतात.

मग कंबर. रिसीव्हर सरळ खोलात निघाला की कॉर्नरला उलट्या पावलांवरून सरळ धावण्यावर यायचं असतं. काहींची कंबर बिजागरीवर दार फिरावं तशी वळते, वेग जराही कमी होत नाही. काही जण आधी ताठ उभे राहतात, मग वळतात, मग धावतात. अशा ताठ कमरेच्या मुलाला स्काउट लवकरच सेफ्टीच्या जागी कल्पून बघू लागतात. तो वेगवान असेल, धीट असेल, पण मोकळ्या जागेत चपळ रिसीव्हरसमोर त्याला एकटं सोडणं धोक्याचं असतं.

आणि डोळे. मॅन कव्हरेजमध्ये नजर रिसीव्हरच्या कमरेवर हवी. डोकं, खांदे, हात हूल देतात, पण कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. कबड्डी बघत वाढलेल्यांना हे सांगायला नको. चढाईपटूच्या हातांवर भाळणारा कोपरारक्षक पकडीला नेहमी उशिरा पोहोचतो. झोनमध्ये मात्र नजर क्वार्टरबॅककडे लागते आणि आपल्या टापूत कोण शिरतंय याची चाहूलही ठेवावी लागते. एकाच मुलाला दोन्ही जमणं दुर्मीळ आहे. ज्याला जमतं त्याच्यासाठी संघ पहिल्या फेरीची निवड खर्च करतात.

प्रश्न : कंबाइनमधल्या ४० यार्डांच्या शर्यतीला इतकं महत्त्व का? आणि सेफ्टीलाही तोच निकष लावायचा का? (एक वाचक, टेक्सास)

कॉर्नरसाठी वेग म्हणजे चुकीनंतर मिळणारी दुसरी संधी. एक पाऊल मागे पडलेला वेगवान मुलगा परत गाठतो, संथ मुलगा गाठत नाही. म्हणून खूपच मंद वेळ दिसली की संघ विचारात पडतात आणि ते बरोबरच आहे.

पण चांगली वेळ म्हणजे चांगला खेळाडू नव्हे, हेही संघांना ठाऊक असतं. टेक्सास सॅन अँटोनिओ विद्यापीठाचा तारिक वूलन सहा फूट चार इंच उंच, आणि २०२२ च्या कंबाइनमध्ये त्याने ४.२६ सेकंदांत ४० यार्ड पार केले. एवढी उंची आणि एवढा वेग असूनही तो पाचव्या फेरीपर्यंत, १५३व्या क्रमांकापर्यंत खाली गेला. कारण कॉलेजात तो आधी रिसीव्हर होता आणि कॉर्नर म्हणून अजून कच्चा दिसत होता. सिअ‍ॅटलने त्याला घेतलं आणि पहिल्याच मोसमात सहा इंटरसेप्शन घेऊन तो लीगमध्ये संयुक्त अव्वल आला. याच सिअ‍ॅटलने २०११ साली पाचव्याच फेरीत, १५४व्या क्रमांकावर स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन घेतला होता. तोही आधी रिसीव्हर, पण वूलनइतका वेगवान अजिबात नव्हे. लांब हात आणि समोरच्याचा डाव आधीच ओळखणारी बुद्धी यांवर तो वर्षानुवर्षं लीगच्या सर्वोत्तम कॉर्नरमध्ये राहिला. २०१३ मध्ये आठ इंटरसेप्शन घेऊन तो लीगमध्ये पहिला होता. एकाच संघाने एकाच फेरीत घेतलेली ही दोन पोरं मी शेजारी शेजारी ठेवते आणि घड्याळाला किती मान द्यायचा ते ठरवते.

सेफ्टीच्या बाबतीत मी तो मान आणखी कमी देते. नॉत्र डेमचा काइल हॅमिल्टन, सहा फूट चार इंचांचा सेफ्टी. कंबाइनमध्ये त्याची वेळ आली ४.५९. लगेच कुजबुज सुरू झाली आणि पहिल्या पाचांत बोलला जाणारा मुलगा चौदाव्या क्रमांकावर बाल्टिमोरला मिळाला. दुसऱ्याच मोसमात, २०२३ मध्ये, तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, पहिल्या संघात होता. सेफ्टीची धाव सुरू होते ती त्याच्या डोक्यात. खेळ ओळखून तो अर्धा सेकंद आधी निघाला, तर घड्याळातला दहावा हिस्सा कुठल्या कुठे भरून निघतो. हॅमिल्टनची कॉलेजची टेप बघताना मला हे दिसत होतं. चेंडू हवेत असताना तो मैदानाच्या मधून कडेपर्यंत येऊन पोहोचायचा. म्हणून त्या एप्रिलमध्ये मी बाल्टिमोरच्या चाहत्यांना मनापासून अभिनंदनाची पत्रं लिहिली होती.

प्रश्न : लहान कॉन्फरन्समधल्या, म्हणजे कॉलेज संघांच्या छोट्या गटांतल्या मुलांवर विश्वास ठेवायचा का? त्यांच्यासमोर चांगले रिसीव्हर आलेलेच नसतात. (एक वाचक, मिशिगन)

ठेवायचा, पण तपासून. याचं उदाहरण मी स्वतः डोळ्यांनी बघितलं आहे. टोलीडोचं ग्लास बोल मैदान आमच्यापासून फार लांब नाही. क्विनियन मिचेल तिथे खेळत असताना नोव्हेंबरच्या थंडीत आठवड्याच्या मधल्या वारी होणाऱ्या रात्रीच्या सामन्यांना मी जायचे. २०२२ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध एकाच सामन्यात त्याने चार इंटरसेप्शन घेतले, त्यांतले दोन टचडाउनपर्यंत नेले. तेव्हापासून देशभर नाव झालं आणि शंकाही सुरू झाल्या. टोलीडोत तो बराच वेळ ऑफ उभा राहून, समोर बघत झोन खेळायचा. मग प्रेस जमेल का? मोठ्या कॉलेजांच्या रिसीव्हरसमोर टिकेल का?

शंका खोट्या नव्हत्या. पण मी वरच्या रांगेतून बघत होते ते पाय आणि कंबर समोर कोण आहे यावर अवलंबून नव्हते. कोणीही समोर असो, तो रोवलेल्या पायावरून जादा पाऊल न टाकता निघायचा. जानेवारीअखेर अलाबामातल्या मोबीलमध्ये सीनिअर बोल या निवडक कॉलेज खेळाडूंच्या सामन्याचा सराव असतो. तिथे देशभरचे चांगले रिसीव्हर एकासमोर एक असे येतात आणि कॉर्नरला मागून मदत नसते. २०२४ मध्ये मिचेलने तिथे प्रेस खेळून दाखवला. मग कंबाइनमध्ये ४.३३ सेकंद. फिलाडेल्फियाने त्याला बावीसाव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या नियमित मोसमात त्याच्या नावावर एकही इंटरसेप्शन नव्हतं, आणि तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा पहिल्या पसंतीचा कॉर्नर होता. इलिनॉयच्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं अशी माझी विनंती.

लहान कॉलेजच्या मुलाचे मोठ्या संघांविरुद्धचे सामने जरूर शोधा, पण धावफलक झाकून बघा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये टोलीडोने ओहायो स्टेटकडून ७७-२१ असा मार खाल्ला होता. अशा दिवशी सगळा संघ वाहून जातो. तुम्ही फक्त एका मुलाच्या अंगावर नजर ठेवा. शेवटच्या डावातही तो तितक्याच तयारीने गुडघे वाकवून उभा आहे का?

प्रश्न : कॉलेजात ज्याच्याविरुद्ध कोणी चेंडू टाकत नव्हतं, तोच एनएफएलमध्ये पहिल्या वर्षी पेनल्टीमागून पेनल्टी देतो. खेळ तोच ना? (एक वाचिका, कॅलिफोर्निया)

नाही, खेळ तोच नाही, आणि हे फार थोडे लोक लक्षात घेतात.

एनएफएलमध्ये सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंतच रिसीव्हरला हाताने रोखता येतं. त्यापुढे धक्का दिला की पाच यार्डांची शिक्षा आणि विरोधी संघाला नवा पहिला डाउन, म्हणजे पुढे सरकायच्या नव्या संधी. १९७८ पासून हा नियम आहे. कॉलेजात पाच यार्डांची अशी रेघ नाही. चेंडू हवेत जाईपर्यंत समोरून येणाऱ्याला हात लावायला बरीच मोकळीक असते. जो मुलगा दहा-बारा यार्डांपर्यंत रिसीव्हरला खेटून, ढकलत राखण करत आला, त्याच्या हातांना एनएफएलमध्ये नव्याने वळण लावावं लागतं. शिवाय पास इंटरफिअरन्सची, म्हणजे चेंडू झेलू पाहणाऱ्याला अडवण्याची शिक्षा कॉलेजात जास्तीत जास्त पंधरा यार्ड. एनएफएलमध्ये चूक जिथे झाली तिथे चेंडू जातो, मग ती चाळीस यार्ड लांब का असेना. कॉलेजात हरलेल्या कॉर्नरला रिसीव्हरला ओढून पाडणं परवडतं. व्यावसायिक मैदानावर त्याच चुकीने सामना जातो.

याहून महत्त्वाच्या आहेत त्या हॅशच्या रेघा, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागातल्या खुणांच्या दोन ओळी. प्रत्येक खेळाआधी चेंडू त्यांच्यावर किंवा त्यांच्या मध्ये ठेवतात. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद. पण कॉलेजात दोन हॅशमध्ये ४० फुटांचं अंतर, एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजात चेंडू एका हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट उरतात आणि दुसऱ्या बाजूला १००. पुष्कळ कॉलेज संघ एक कॉर्नर कायम अरुंद बाजूला ठेवतात आणि एक रुंद बाजूला. अरुंद बाजूच्या मुलाला सीमारेषा राखणीला मदत करते, रिसीव्हरला पळायला जागाच कमी. रुंद बाजूच्या मुलाकडे जागा अफाट, पण तिथवर चेंडू पोहोचायला वेळ लागतो आणि कॉलेजच्या बऱ्याच क्वार्टरबॅकच्या खांद्यात तेवढा जोर नसतो. एनएफएलमध्ये हे दोन्ही आधार जातात. अरुंद बाजूही ७० फुटांहून मोठी, आणि रुंद बाजूला वेळेवर चेंडू पोहोचवणारे खांदे दर रविवारी समोर.

म्हणून कॉलेजची टेप लावली की मी आधी चेंडू कुठल्या हॅशवर आहे ते बघते, मग मुलगा कुठल्या बाजूला आहे ते. अरुंद बाजूने मिळवलेल्या शाबासकीतून थोडी वजा करते. रुंद बाजूला त्याच्या डोक्यावरून गेलेल्या एखाद्या झेलाला थोडी माफीही देते.

पेनल्टी बघताना ती कधी झाली हे बघा. रिसीव्हर वळण्याच्या क्षणी घाबरून जर्सी धरली असेल तर पाय कमी पडले. शेवटच्या क्षणी चेंडूवर हात टाकताना थोडं आधी अंगाला अंग लागलं असेल, तर मुलगा योग्य जागी होता. दुसऱ्या प्रकारची चूक सरावाने सुधारते.

प्रश्न : हात आखूड म्हणून कॉर्नर बाद? (एक वाचक, जॉर्जिया)

ट्रेंट मॅकडफीचे हात मोजले गेले तेव्हा २९ इंच आणि पाऊण भरले. कॉर्नरसाठी आखूडच. कॅन्सस सिटीने २०२२ मध्ये त्याला एकविसाव्या क्रमांकावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता, बराचसा स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर खेळून. आतल्या जागेत लांब हातांपेक्षा चटकन दिशा बदलणारे पाय आणि टॅकल करायची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायची तयारी लागते. तेव्हा मापांची पट्टी जागेप्रमाणे बदला.

प्रश्न : शेवटच्या मोसमात पाय मोडलेल्या मुलाला वरच्या फेरीत घ्यावं का? (एक वाचक, आयोवा)

तुमच्याच राज्यातला कूपर डीजीन बघा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पाय मोडला, कंबाइनमध्ये धावता आलं नाही, आणि तो कॉर्नर होणार की सेफ्टी यावरही वाद. चाळिसाव्या क्रमांकापर्यंत थांबावं लागलं. फिलाडेल्फियाने त्याला स्लॉटमध्ये खेळवलं आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोलमध्ये त्याने पॅट्रिक महोम्सचा चेंडू पळवून टचडाउन केलं. हाड मोडलं आणि नीट जुळलं तर मी फार काळजी करत नाही. अस्थिबंध फाटले किंवा मांडीचा स्नायू वारंवार दुखावत असेल, तर कंबाइनमधली डॉक्टरांची तपासणी शर्यतीपेक्षा मोलाची. ती आपल्याला दिसत नाही. ड्राफ्टच्या दिवशी एखादं नाव अचानक खाली जातं तेव्हा तेच कारण असू शकतं.

प्रश्न : काकू, मी सोळा वर्षांचा आहे. हायस्कूलमध्ये कॉर्नर खेळतो. वजन १४८ पाउंड. कॉलेजचे कोच माझ्या टेपमध्ये काय बघतील? (ओहायो)

तुझं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि मुद्दाम शेवटी ठेवलं.

वजन वाढेल, त्यासाठी घाई करू नकोस आणि कोणतीही पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. टेपमध्ये ते बघतील की धावणारा खेळाडू तुझ्या बाजूला आला तेव्हा तू काय करतोस. कव्हरेज छान असलेली पुष्कळ मुलं अशा वेळी ब्लॉक करणाऱ्याच्या आड लपतात, दुसऱ्या कोणीतरी टॅकल करण्याची वाट बघतात. हे लपणं टेपवर लगेच दिसतं आणि कोच तिथेच टेप बंद करतात. तू हलका आहेस म्हणून आपटला जाशील. हरकत नाही. डोकं वर ठेव, समोरच्याला बघत टॅकल कर. मान खाली घालून कधीही घुसू नकोस, तो तुझ्या मानेचा प्रश्न आहे. खांदा मांडीवर, हात मागून घट्ट, पाय चालू. माझा मुलगा तुझ्याएवढाच होता. पहिल्या मोसमात त्याला हे जमत नव्हतं, तिसऱ्यात जमलं.

निवडक खेळांची चित्रफीत सगळेच पाठवतात. तू पूर्ण सामना पाठव, ज्यात तू एकदा तरी हरला आहेस असा. हरल्यानंतरच्या पुढच्याच खेळात तू कुठे उभा होतास, मागे सरकला होतास की तितकाच जवळ, ते मला बघायचं आहे. घरातल्या कोणालातरी स्टँडच्या वरच्या पायरीवर उभं कर आणि सांग, चेंडूमागे कॅमेरा फिरवू नका. मग ती टेप सदराच्या पत्त्यावर पाठव. मी वही आणि लाल पेन्सील घेऊन बसते.